आकृतीत दाखवल्याप्रमाणे

आपल्या कॉलेजात ‘रायटर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक म्हणजे वाङ्मय मंडळातले आपण सगळे स्वतःला मनातल्या मनात जे म्हणवतो ते. दुसरा परीक्षेच्या आधी नोटीस बोर्डावर लागतो : ‘दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी रायटर हवेत.’

एफवायला असताना मी या दुसऱ्या अर्थाने रायटर झाले. एसवायच्या एका ताईचा अर्थशास्त्राचा पेपर होता. ती सांगत होती, मी लिहीत होते. मध्येच आलेख काढायचा प्रश्न आला आणि मला घाम फुटला. ताई शांतपणे म्हणाली, “आडव्या अक्षावर नग, उभ्यावर किंमत. मागणीची रेषा डावीकडे वरून सुरू कर, उजवीकडे खाली आण. पुरवठ्याची त्याच्या उलट. छेदतील तिथे ‘ई’ लिही आणि तिथून दोन्ही अक्षांवर तुटक रेषा सोड.” मी सांगितलं तसं काढलं. आलेख बरोबर आला. गंमत अशी, की बारावीला मला स्वतःला तो आलेख कधीच धड काढता आला नव्हता.

तेव्हा त्याचा फार विचार केला नाही. विचार करायची वेळ आली गेल्या दिवाळीत, ग्वाल्हेरला.

टोपी बाजारातली दिवाळी

मी वसईची. घरी आणि चर्चमध्ये मराठी, कॉलेजात इंग्रजी. माझी जिवलग मैत्रीण ग्वाल्हेरची, आणि तिची मराठी माझ्यापेक्षा वेगळ्या चालीची. शिंद्यांच्या फौजेचा तळ जिथे पडला ते ‘लष्कर’ पुढे शहरच झालं, आणि त्या काळात गेलेली कितीतरी मराठी घरं तिथलीच झाली. भा. रा. तांबे ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी होते हे आपण अभ्यासक्रमात वाचलेलं असतं, पण तिथल्या घरात बसून हिंदीच्या फोडणीची मराठी ऐकणं ही मजा वेगळीच.

पंजाब मेलने ग्वाल्हेरला उतरलो. मैत्रिणीचं घर महाराज बाड्याजवळ, टोपी बाजाराच्या एका बोळात, दुसऱ्या मजल्यावर. खाली दिवाळीची गर्दी, हॉर्न, दुकानदारांच्या हाका. वर काकूंचं फराळाचं तळण आणि खिडकीपाशी कानाला फोन लावून बसलेला मैत्रिणीचा धाकटा भाऊ. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्यानेच बजावलंय, “ताई, रिझल्ट लागेपर्यंत नको.” तेव्हा इथे तो ‘धाकटा’च.

धाकटा जन्मापासून अंध आहे. दहावीत आहे. गणितात हुशार, विज्ञानाचं वेड, आणि अकरावीला सायन्स घ्यायचं म्हणतो. शाळेतून सांगणं असं, की “आर्ट्स घे, निभेल. सायन्सला प्रॅक्टिकल असतात, ते कसं करणार?” सांगणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. ते खरोखर काळजीनेच बोलत होते. त्यामुळे घरात भांडण करायलाही कुणी सापडत नव्हतं. काका गप्प होते. आजी म्हणत होत्या, “बँकेची परीक्षा देईल, चांगलंच आहे की.” धाकटा मात्र रोज संध्याकाळी खिडकीत बसून फोनच्या ‘टॉकबॅक’वर विज्ञानाचं पुस्तक ऐकत होता.

मी शेजारी बसून ऐकायला लागले. एनसीईआरटीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, तेव्हा मजकूर ऐकायची सोय होती. प्रकाशाचा धडा चालू होता. आवाज भराभर वाचत होता, आणि दर दोन मिनिटांनी एक वाक्य येत होतं : आकृतीत दाखवल्याप्रमाणे. मग आकृतीचा क्रमांक. मग पुढचं वाक्य. आकृतीत काय आहे हे कुणीच सांगत नव्हतं.

“मग तू काय करतोस?” मी विचारलं.

“स्किप. मतलब, परीक्षेत आकृतीचा प्रश्न आला तर आम्हाला दुसरा प्रश्न देतात ना.”

सूट आणि सोय

इथे थोडं थांबून ही व्यवस्था समजून घेऊया, कारण बहुतेकांना वाटतं तशी ती सगळीच वाईट नाही.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. अंधत्व, बहिरेपणा, चालण्या-हलण्यातली अडचण यांच्याबरोबर डिस्लेक्सियासारख्या अध्ययन-अक्षमता आणि ऑटिझमही त्यात येतात. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी अशा विद्यार्थ्याला प्रवेश द्यायचा आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची, असं कायदा सांगतो. सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेत लेखनिक मिळतो आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो.

कागदावर हे बरंच आहे. पण नीट पाहिलं तर यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या दिसतात. मी त्यांना ‘सूट’ आणि ‘सोय’ म्हणते. आकृतीच्या जागी दुसरा प्रश्न देणं ही सूट. आकृती बोटांना किंवा कानांना कळेल अशी करून देणं ही सोय. सूट दिली की गुण मिळतात, पण धडा मिळत नाही. दहावीपर्यंत सूट घेत आलेल्या मुलाला अकरावीच्या दारात विचारलं जातं, “तुला आकृत्या कुठे येतात?” आधी आपणच शिकवायचं नाही आणि मग येत नाही म्हणून अडवायचं.

लेखनिकाचंही असंच. २०१८ च्या सूचनांप्रमाणे स्वतःचा लेखनिक आणायचा तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं. कॉपी होऊ नये म्हणून हे ठीकच आहे. पण विज्ञानाच्या पेपरात नववीच्या मुलाने दहावीचं समीकरण वाचून दाखवायचं असतं. धाकट्याने मला एक उदाहरण दिलं, ते तुम्हीही करून बघा. मोठ्याने म्हणा : “ए प्लस बी अपॉन सी.” ए म्हणजे ४, बी म्हणजे ६, सी म्हणजे २ धरा. उत्तर किती? ‘अपॉन सी’ फक्त बीच्या खाली असेल तर ७. दोघांच्याही खाली असेल तर ५. डोळ्यांना रेषेची लांबी दिसते, कानाला नाही. लेखनिकाला हे माहीत नसेल तर गणित येणाऱ्या मुलाचं उत्तर चुकतं आणि चूक कुणाची हे उत्तरपत्रिकेवर दिसत नाही.

शून्य गोल असतं का?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ल्यावर गेलो. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढावर एकाच खडकात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर आहे. आत इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवळाला दिलेल्या बागेचं माप त्यात आहे, २७० हात गुणिले १८७ हात, आणि रोज ५० माळा देण्याची तरतूद. यातल्या २७० आणि ५० मधल्या शून्यासाठी जगभरचे गणिताचे अभ्यासक हा लेख बघायला येतात. अंक इतके आजच्यासारखे आहेत, की २७० सहज वाचता येतं. शून्य मात्र शेजारच्या अंकांपेक्षा लहान आहे.

शिलालेखाला हात लावायचा नसतो. म्हणून मी धाकट्याला सांगत होते, “दोन, सात, आणि मग एक छोटा गोल.”

तो म्हणाला, “शून्य गोल असतं हे मला माहितीय, लोक अंडं म्हणतात. पण माझं शून्य गोल नाही.”

मग त्याने माझ्या तळहातावर तीन ठिपके टेकवले. ब्रेलच्या एका घरात सहा ठिपके असतात, डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. लुई ब्रेल या फ्रेंच तरुणाने १८२९ मध्ये ही पद्धत छापून प्रसिद्ध केली. सहा ठिपक्यांच्या ६४ रचना होतात, अगदी कोरं घर धरून. १९५१ च्या सुमारास भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ ठरली, त्यामुळे मराठी ‘क’, हिंदी ‘क’ आणि इंग्रजी ‘के’ बोटांना सारखेच लागतात. (साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी यावर हेवा करावा. तीन भाषांना एक लिपी!) शून्यासाठी आधी अंकचिन्ह आणि मग २, ४, ५ हे ठिपके. गोलाचा काही संबंध नाही.

शाळेत हिशेब करायला त्याच्याकडे टेलर फ्रेम होती. ही अष्टकोनी खड्ड्यांची पाटी असते. तिच्यात छोटे खिळे बसवायचे. खिळ्याच्या एका टोकाला एक उंचवटा, दुसऱ्या टोकाला दोन टोकं. आठ दिशा आणि दोन टोकं मिळून सोळा खुणा होतात, त्यात दहा अंक आणि बेरीज-वजाबाकीची चिन्हं बसतात. तिथे शून्य म्हणजे ठरावीक दिशेने बसवलेला एक खिळा. तिथेही ते गोल नाही. पण त्याच्या हिशेबाचं काही अडत नाही. शून्य म्हणजे ‘या जागी काही नाही’ ही कल्पना, गोल हा तिचा फक्त एक पोशाख.

त्या देवळात उभं राहून मला पहिल्यांदा नीट कळलं, की विज्ञान आणि विज्ञानाचं चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्र डोळ्यांसाठी आहे म्हणून विज्ञानही डोळ्यांसाठीच आहे, असं आपण उगाच धरून चालतो. खेराट व्हरमाय हे अंध प्राणिशास्त्रज्ञ बोटांनी शंख-शिंपले चाचपून त्यांच्या उत्क्रांतीचा अभ्यास करतात. वांडा दियाझ-मर्सेड या अंध खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांकडून आलेल्या आकड्यांचा आवाज करून ऐकतात. अब्राहम नेमेथ या अंध अमेरिकन गणितज्ञांनी १९५२ मध्ये समीकरणांसाठी वेगळी ब्रेलच रचली. यांच्यापैकी कुणाला विज्ञानात सूट मिळालेली नव्हती. सोय मिळाली, किंवा त्यांनी ती स्वतः केली.

मी केलेलं पहिलं वर्णन आणि त्याचा निकाल

घरी आल्यावर मी जाहीर केलं, की प्रकाशाच्या धड्यातल्या आकृत्या मी सांगणार. वसईला रविवारी मिस्साला वाचन करायची मला सवय आहे, मोठ्याने वाचणं माझ्या हातचं. शिवाय मी साहित्याची. वर्णन करणं तर माझा धंदाच. बहिर्वक्र भिंगाच्या आकृतीचं मी असं वर्णन लिहून वाचलं :

‘मधोमध एक डौलदार भिंग उभं आहे. डावीकडून आलेले किरण त्याला भेटतात आणि वळून पलीकडे एका बिंदूत एकरूप होतात.’

धाकटा दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, “ताई, किरण किती? निघाले कुठून? वळून म्हणजे वर की खाली? आणि डौलदार म्हणजे जाड की पतलं?”

मैत्रीण इतकी हसली, की काकू तळण सोडून बघायला आल्या.

मग दोन तास बसून, त्याचे प्रश्न ऐकत ऐकत, ते पुन्हा लिहिलं :

‘एक आडवी रेषा आहे, तिला मुख्य अक्ष म्हणू. अक्षाच्या मध्यावर भिंग उभं आहे. ते वर-खाली टोकांना पातळ आणि मध्ये जाड आहे. भिंगाच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर अक्षावर एकेक नाभी आहे. त्याच्या दुप्पट अंतरावर दोन्हीकडे आणखी एकेक खूण आहे. डाव्या बाजूला, दुप्पट अंतराच्या खुणेच्याही पलीकडे, अक्षावर एक बाण उभा आहे, टोक वर. ही वस्तू. बाणाच्या टोकापासून दोन किरण निघतात. पहिला अक्षाला समांतर जातो, भिंगातून गेल्यावर खाली वळतो आणि उजवीकडच्या नाभीतून पुढे जातो. दुसरा भिंगाच्या मध्यबिंदूतून न वळता सरळ तिरका खाली जातो. उजवीकडे, अक्षाच्या खाली, नाभी आणि दुप्पट अंतराची खूण यांच्यामध्ये दोन्ही किरण छेदतात. तिथे बाणाची प्रतिमा आहे, उलटी आणि मूळ बाणापेक्षा लहान.’

यात एकही विशेषण सुंदर नाही, पण मी आजवर लिहिलेल्या गद्यात हेच सगळ्यात जास्त वेळा तपासलेलं आहे. लिहिताना काही गोष्टी शिकले. आधी पूर्ण चौकट सांगायची, मग भाग. एका क्रमाने जायचं, मध्येच उडी मारायची नाही. दिशा आणि अंतर सांगायचं. चित्रात धड्याच्या कामाचं जे नाही (आमच्या आकृतीतला निळा रंग, उदाहरणार्थ) ते सोडून द्यायचं. आणि निष्कर्ष आपण आधी सांगून टाकायचा नाही, तो ऐकणाऱ्याचा असतो.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या मंडळासाठी. धाकटा शाळेत इंग्रजीत ‘कॉन्व्हेक्स’ म्हणतो, शिकवणीत हिंदीत ‘उत्तल’. मी मराठीत ‘बहिर्वक्र’ म्हटल्यावर तो म्हणाला, “बाहेर वाकलेलं? मग हे सांगून लक्षात ठेवायची गरजच नाही.” ज्या पारिभाषिक शब्दांना आपण बोजड म्हणून हसतो, त्यातले काही शब्द आकार हातात देतात, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाली बाजारात उतरलो आणि थर्मोकोलचा तुकडा, टाचण्या आणि लोकर घेऊन आलो. एक जाड लोकर म्हणजे अक्ष, भिंगाच्या जागी उभी पट्टी, नाभीला एकेक टाचणी, किरणांना बारीक लोकर. धाकट्याने बोटं फिरवली आणि माझं वर्णन बरोबर आहे असा शेरा दिला. मग त्याने न विचारता बाणाची टाचणी उपटली आणि भिंगाच्या जवळ लावली. लोकर पुन्हा ताणली. छेदबिंदू लांब सरकला. आणखी जवळ, आणखी लांब. शेवटी त्याने बाण बरोबर नाभीवर उभा केला आणि दोन्ही धाग्यांवरून बोटं नेत नेत थर्मोकोलच्या काठापर्यंत गेला.

“भेटतच नाहीत,” तो म्हणाला. “समांतर झाले.”

वस्तू नाभीवर असली की किरण समांतर बाहेर पडतात आणि प्रतिमा अनंत अंतरावर जाते, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. मी ते दहावीत पाठ केलं होतं. त्याने ते शोधलं. काका दारात उभे राहून बघत होते. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतःहून आणखी टाचण्या घेऊन आले.

प्रॅक्टिकलचं काय?

शाळेचा प्रश्न हाच होता, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर एका प्रयोगात नाही, पण सुरुवात पुस्तकातच सापडते. दहावीच्या विज्ञानात आम्ल-आम्लारीच्या धड्यात ‘गंधदर्शक’ आहेत. कांदा, व्हॅनिला, लवंगेचं तेल. लिटमसचा रंग बदलतो तसा आम्लारीत कांद्याचा वास जातो. आम्ही कांद्यात रात्रभर ठेवलेल्या चिंध्या घेतल्या. एकीवर लिंबाचा रस, दुसरीवर धुण्याच्या सोड्याचं पाणी, मग दोन्ही धुतल्या. लिंबाच्या चिंधीला कांदा तसाच, सोड्याच्या चिंधीचा वास जवळपास गेलेला. हे ओळखण्यात धाकटा आमच्या सगळ्यांच्या पुढे होता. हा प्रयोग सगळ्या वर्गाच्या पुस्तकात आहे, पण बहुतेक शाळांत लिटमसवरच भागवलं जातं.

पुढच्या इयत्तांसाठीही साधनं आहेत. तापमान बोलून सांगणारे थर्मामीटर, भांड्यात द्रव ठरावीक उंचीला पोचला की वाजणारे दर्शक, रंग ओळखून सांगणारी फोनवरची ॲप्स. आयआयटी दिल्लीतल्या कामातून उभं राहिलेलं रेज्ड लाइन्स फाउंडेशन विज्ञान-गणिताच्या आकृत्या बोटांना लागतील अशा उठावदार छापतं. जिथे हाताने करणं धोक्याचं आहे तिथे सहायक हाताने करतो आणि विद्यार्थी काय करायचं ते सांगतो. माझ्या एसवायच्या ताईने आलेख काढला होता तसंच.

आणि हे आधी कुणी केलेलंच नाही, असंही नाही. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून दृष्टिबाधितांसाठीचं झेवियर्स रिसोर्स सेंटर चालू आहे. कृत्तिका पुरोहित या अंध विद्यार्थिनीला फिजिओथेरपी शिकायची होती, त्यासाठी तिला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि २०१० मध्ये तिचा मार्ग मोकळा झाला. दिल्लीच्या कार्तिक साहनी याने अकरावीला सायन्स मिळावं म्हणून बोर्डाशी झगडा केला, २०१३ मध्ये बारावीला ९६ टक्के मिळवले. आयआयटीची प्रवेशपरीक्षा मात्र त्याला देऊ दिली गेली नाही. तो अमेरिकेत स्टॅनफर्डला पूर्ण शिष्यवृत्तीवर कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेला. ही नावं मी काकांना सांगितली. त्यांनी एकच विचारलं, “या मुलांना पुस्तकं कोण वाचून दाखवत होतं?” मला वाटतं, तोच खरा प्रश्न आहे.

मी इथे अंधत्वाबद्दलच लिहिलं, कारण तेच जवळून पाहिलं. पण धागा एकच आहे. ओठ वाचणाऱ्या बहिऱ्या मुलीसाठी फळ्याकडे तोंड करून शिकवणारे सर म्हणजे बंद पुस्तक. भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले. २०२० मध्ये एनसीईआरटीची पुस्तकं त्या भाषेत आणण्याचा करार झाला, तोवर कितीतरी वैज्ञानिक संज्ञा एकेक अक्षर बोटांनी दाखवावी लागे. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी उभं राहून वापरायच्या उंचीचं प्रयोगशाळेचं टेबल आणि लिफ्ट नसलेला दुसरा मजला हाच पहिला पेपर असतो. यातल्या कशालाही फार मोठं विज्ञान लागत नाही.

मग आपण काय करायचं?

धाकट्याकडे शिकवणीच्या हिंदी नोट्सची फाइलही होती. दिसायला स्वच्छ टाइप केलेली. फोनने वाचायला सुरुवात केली : “एच के के जे आर.” मी स्क्रीन पाहिली तर तिथे ‘भारत’ लिहिलेलं. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये अक्षर दिसतं देवनागरी, पण आत असतात इंग्रजी कळा. डोळे फसतात, यंत्र फसत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलं की हा प्रश्न उरत नाही.

मुंबईला परत आल्यावर मी आपल्या ई-अंकाचे जुने तीन अंक टॉकबॅक लावून ऐकले. एका अंकाची पानं स्कॅन केलेली, तिथे फोन गप्प. दुसऱ्यात कविता फुलांच्या चित्रावर छापलेल्या, तिथे फोन म्हणाला ‘इमेज’. माझी स्वतःची कविताही त्यात होती. मला ती किती आवडायची! तेव्हा शाळांना बोल लावायच्या आधी आपलं घर आवरू. माझ्या मंडळाकडे तीन मागण्या आहेत.

पहिली, यापुढे सगळं लेखन युनिकोडमध्ये घ्यायचं आणि मजकूर चित्रात न टाकता मजकूर म्हणूनच ठेवायचा. शीर्षकांना नुसतं ठळक न करता शीर्षकाची शैली द्यायची, म्हणजे ऐकणाऱ्याला एका लेखावरून दुसऱ्यावर जाता येतं.

दुसरी, प्रत्येक चित्राखाली दोन-तीन ओळींचं वर्णन हवं. ‘सुंदर सूर्यास्त’ चालणार नाही. काय आहे, कुठे आहे, किती आहे ते लिहायचं.

तिसरी मोठी आहे. सायन्सच्या मुलांना बरोबर घेऊन दहावी-अकरावीच्या पुस्तकांतल्या आकृत्यांची वर्णनं मराठीत लिहूया आणि ज्यांना हवी त्यांना देऊया. चूक-बरोबर सायन्सवाले बघतील, वाक्य आपण बघू. परवानगीची भीती नको. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा रूपात पुस्तक करून द्यायला मोकळीक देतो, फक्त त्यातून नफा कमवायचा नाही. याच कारणासाठी झालेला माराकेश करार मान्य करणारा भारत २०१४ मध्ये जगातला पहिला देश होता. ‘सुगम्य पुस्तकालय’ या २०१६ च्या ऑनलाइन ग्रंथालयात अशी पुस्तकं एकत्र मिळतात.

प्रकाशाचा धडा आम्ही संपवला आहे. मैत्रीण, मी आणि बीएस्सीच्या दोघी, अशा चौघींनी. आठवड्यातून दोनदा रात्री टोपी बाजारात फोन जातो. मी वाचते, धाकटा चुका काढतो. आता विद्युतधारेचा धडा चालू आहे आणि मंडल आकृत्यांनी माझा जीव काढलाय. परवा मी ‘तार वळसा घेऊन’ असं लिहिलं, तर पलीकडून लगेच आवाज आला, “ताई, कुठून कुठे?”

अकरावीच्या फॉर्मवर तो सायन्सच लिहिणार आहे. काका बरोबर जाणार आहेत. शाळा काय म्हणेल ते ठाऊक नाही. पण तिथे ‘आकृत्या येतात का?’ असं विचारलं, तर तो थर्मोकोल घेऊन जाणार आहे.